बियाण्यासाठी राखलेला टोमॅटो

जुन्या वाणांचे टोमॅटो लावायला घेतले ते चवीसाठी. त्याआधी संकरित टोमॅटो बऱ्याचदा लावले होते, फळंही भरपूर घेतली होती. पण जुन्या वाणांच्या चवीबद्दल जे ऐकत होते, ते एकदा आपल्या वाफ्यात पिकवून बघावं असं सारखं वाटत होतं. चव मिळाली, तिच्याबद्दल पुढे लिहितेच. पण काही हंगाम हाताखालून गेल्यावर आता माझं मन अडकलंय ते बियाण्यात. संकरित टोमॅटोचं बी धरून पेरलं, तर पुढच्या पिढीत झाडागणिक वेगळं रूप निघतं. सरळ वाणाचं, म्हणजे या जुन्या टोमॅटोंचं, तसं नसतं, मूळ झाडाचे गुण घेऊनच रोप उगवतं. त्यामुळे कोणत्या झाडाचं बी पुढे न्यायचं हे ठरवणाऱ्याच्या हातात फार मोठी गोष्ट येते. ते ठरवायला शिकणं, हाच माझ्यासाठी या पिकाचा गाभा झाला.

वाणांच्या याद्या वाचायला बसलं की माणूस हरवून जातो. शेकडो नावं आणि जवळजवळ प्रत्येक नावामागे कुणाचं तरी घर. ‘मॉर्गेज लिफ्टर’ची हकीकत मला सगळ्यांत भावली. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात बाइल्स नावाचे एक गृहस्थ गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करत. शेतीशास्त्राचं शिक्षण काही नव्हतं. १९३० आणि ४०च्या दशकांत त्यांनी मोठ्या फळांच्या वाणांचा आपापसांत संकर करून वर्षानुवर्षं उत्तम झाडं निवडली. मग त्यांची रोपं एक डॉलरला एक अशी विकून घरावरचं कर्ज फेडलं. ‘चेरोकी पर्पल’चं बी १९९० साली टेनेसीतून टपालाने क्रेग लहूलियर यांच्याकडे आलं. ते हौशी बागाईतदार. त्यांनी ते लावलं, त्याला नाव दिलं आणि पुढे वाटलं. ‘ब्रँडीवाइन’चं आज सर्वत्र दिसणारं गुलाबी रूपसुद्धा टेनेसीतल्याच एका कुटुंबाने पिढ्यान् पिढ्या जपलेलं, १९८२मध्ये ते बी जपणाऱ्यांच्या संस्थेपर्यंत, म्हणजे १९७५ साली स्थापन झालेल्या ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’पर्यंत पोचलं. हे सगळे घरच्या बागेत राबणारे लोक. प्रयोगशाळा नाही, प्रक्षेत्र नाही, तरी त्यांच्या हातून वाण टिकली आणि काही नव्याने घडलीही.

तरीही हकीकत आवडली म्हणून वाण निवडू नये. निवडताना मी आधी पाहिलं ते दिवसांचं गणित. ब्रँडीवाइनला रोप जागेवर लावल्यापासून पहिलं फळ पिकायला साधारण ८० ते ९० दिवस लागतात, कधी त्याहूनही जास्त. त्या काळात हवा सौम्य राहणार असेल तरच त्याच्या वाटेला जावं. ‘ब्लॅक क्रिम’ आणि चेरोकी पर्पल त्यामानाने लवकर येतात. ‘यलो पेअर’ची पिवळी, इवलीशी, मानेत निमुळती फळं तर घोसांनी लागतात आणि उन्हाळाही बऱ्यापैकी सोसतात. पहिल्यांदाच जुनं वाण लावणाऱ्याने एक मोठ्या फळाचं आणि एक छोट्या फळाचं घ्यावं असं माझं मत आहे. मोठं वाण रुसून बसलं तरी छोटं घरात टोमॅटो आणत राहतं. मी ब्रँडीवाइन, चेरोकी पर्पल आणि यलो पेअर घेतले.

पेरणीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत यांचं हलकं मिश्रण, त्यात जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल बी, आणि ऊब. माती २१ ते २९ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असली की आठवड्याभरात कोंब वर येतात. त्यानंतर मात्र ऊब कमी आणि उजेड जास्त हवा. उजेड कमी पडला की रोपं लांबोळकी, फिकट आणि माना टाकणारी होतात. पाणी वरून न शिंपता ट्रेच्या खालून द्यायचं. वरची माती सतत ओली राहिली की बुंध्याशी बुरशी लागते आणि सकाळी बघावं तर रोप जमिनीलगत कापल्यासारखं आडवं झालेलं असतं. मातीवर हवा खेळती ठेवली की हे बरंचसं टळतं.

याच टप्प्यावर एक गोष्ट बारकाईने बघायला मी शिकले. ब्रँडीवाइनचं पान नेहमीच्या टोमॅटोसारखं दातेरी नसतं. कडा सरळ, पान रुंद, बटाट्याच्या पानाच्या वळणाचं. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून मिळाला तरच दिसतो. म्हणून ब्रँडीवाइनच्या घरच्या बियांतून एखादं रोप दातेरी पानाचं उगवलं, तर ओळखायचं की मागच्या हंगामात त्या फुलावर शेजारच्या वाणाचा पराग पडला होता. खरी पानं फुटली की रोपांच्या ओळीवरून नजर फिरवायची आणि भेसळ तिथेच बाजूला काढायची. फळ लागेपर्यंत थांबायची गरज नाही. जुनी वाणं राखणाऱ्याला बटाटापानी वाण इतकं प्रिय का असतं, हे मला तेव्हा समजलं.

रोपं वीतभर झाली की जागेवर लावायची. टोमॅटोच्या खोडाला जिथे ओली माती लागेल तिथे मुळ्या फुटतात. म्हणून खालची पानं खुडून रोप खोल, वरची थोडीच पानं बाहेर राहतील असं लावते. खड्डा खोल करणं शक्य नसेल तेव्हा चर काढून रोप आडवं ठेवायचं आणि शेंडा वर वळवायचा. एक-दोन दिवसांत तो आपोआप सरळ उभा राहतो. मातीत कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड. नत्राचा हात आखडता ठेवायचा. नत्र जास्त झालं की झाड हिरवंगार माजतं आणि फुलाला बसत नाही.

आधाराच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊन चालत नाही. बहुतेक जुनी वाणं वाढ न थांबणारी आहेत. शेंडा चालूच राहतो, झाड माणसाच्या उंचीच्या वर जातं आणि एकेक फळ पाव किलोच्या पुढे भरतं. लावणीच्या दिवशीच मजबूत काठ्या पुरल्या. नंतर पुरल्या असत्या तर मुळं दुखावली असती. वर आडवी तार ओढून तिला सुतळ्या सोडल्या आणि झाडं जसजशी वाढली तसतशी त्यांवर गुंडाळत नेली. दोन फांद्या ठेवायच्या, मुख्य खोड आणि पहिल्या फुलगुच्छाखालची बगलफूट, म्हणजे पानाच्या बेचक्यातून निघणारी फूट. बाकीच्या बगलफुटी बोटभर असतानाच सकाळी चिमटीने काढायच्या. यलो पेअरला मी असं छाटत नाही. त्याला पसरू द्यावं.

आता फुलांबद्दल, कारण जुन्या टोमॅटोचं सगळं यश-अपयश तिथे ठरतं. टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. पिवळ्या पुंकेसरांची एक बंद नळी असते आणि तिच्या आत स्त्रीकेसर. पराग त्या नळीच्या आतल्या बाजूने सुटतो आणि तो सुटायला कंप लागतो. वाऱ्याने तो मिळतो. भुंग्यासारख्या काही जातींच्या माश्या फुलाला धरून अंग थरथरवतात, त्याने तर उत्तमच मिळतो. मधमाशीला ही थरथर जमत नाही. माझी झाडं भिंतीच्या आडोशाला होती, वारा बेताचाच. म्हणून ऊन जरा वर आल्यावर, दव सुकल्यानंतर, रोज गुच्छाच्या देठाला बोटाने हलक्या टिचक्या मारायचे. विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश देठाला टेकवला तर आणखी चांगलं. पिवळ्या पुडीचा बारीक ढग उडताना डोळ्यांनी दिसतो.

तापमानावर मात्र आपला इलाज फारसा चालत नाही. दिवसाचा पारा ३२ अंशांच्या वर आणि रात्रीचा २१च्या वर सलग राहू लागला की पराग निकामी होत जातो. फुलं येतात, देठाच्या गाठीशी पिवळी पडतात आणि गळतात. रात्री १३ अंशांच्या खाली गेल्या तरी तेच. मोठ्या फळांच्या जुन्या वाणांना याचा फटका सगळ्यांत जास्त बसतो. म्हणून पेरणीची तारीख मी उलटी मोजत काढते. फुलोरा कोणत्या आठवड्यांत यायला हवा ते आधी ठरवायचं, मग तिथून मागे येत बी कधी टाकायचं ते. दुपारच्या उन्हात सावलीची जाळी ताणली आणि मुळांवर वाळक्या पानांचं जाड आच्छादन घातलं, तेव्हा गळ कमी झाली. पण खरी मदत होते ती योग्य वेळी पेरण्याची.

मोठ्या वाणांत कधी कधी दोन-तीन फुलं एकत्र जुळून एकच जाडजूड फूल येतं. त्याचं फळ वेडंवाकडं, सुरकुतलेलं आणि तळाशी व्रणांचं होतं. चवीला ते उत्तम लागतं, पण बी धरायला मी घेत नाही. अशा फुलात स्त्रीकेसर पुष्कळदा नळीबाहेर डोकावतं आणि बाहेरचा पराग पडायची शक्यता वाढते. बियाण्यासाठी साधी, नीटस फुलं शोधायची, उमलण्याआधी गुच्छावर पातळ जाळीची पिशवी बांधायची आणि पिशवीसकट टिचकी मारत राहायचं. फळ वाटाण्याएवढं झालं की पिशवी काढायची आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. दोरा दिसला की घरात कुणीही ते फळ तोडायचं नाही.

पाण्याची शिस्त ही दुसरी मोठी गोष्ट. फळाचं बूड काळं पडून आत दबतं, तेव्हा लोक चुना किंवा अंड्याची टरफलं टाकतात. ते कॅल्शियमच्याच कमतरतेमुळे होतं, पण कॅल्शियम बहुतेक वेळा मातीत असतं. ते पाण्याबरोबरच वर चढतं. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी महापूर असं झालं की ते फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. वाफसा, म्हणजे मातीत बेताचा ओलावा, टिकवून ठेवला की हा प्रश्न पुष्कळ सुटतो. तडकण्याचंही तसंच. फळ भरत आलेलं असताना माती सुकू दिली आणि मग जोरात पाणी मिळालं, तर आतला गर फुगतो आणि पातळ साल फाटते. जुन्या वाणांची साल नाजूक असते, खाताना तोंडात येत नाही ती याचसाठी. म्हणून पाऊस येणार असं दिसलं की रंग धरलेली फळं आधीच उतरवून घेते.

रोगांच्या बाबतीत स्पष्ट सांगायला हवं. संकरित वाणांत मर आणि इतर काही रोगांची प्रतिकारशक्ती मुद्दाम घातलेली असते. जुन्या वाणांत ती बहुतांशी नसते. तिथे हुशारी आपल्याला दाखवावी लागते. करपा जमिनीलगतच्या पानांवरून चढतो. पाण्याच्या थेंबाबरोबर मातीतले बीजाणू उडून पानांवर बसतात आणि गोलात गोल असे तपकिरी डाग उमटतात. झाड गुडघ्यावर आलं की तळची पानं काढून टाकायची, आच्छादन घालायचं, पाणी फक्त मुळाशी द्यायचं आणि झाडांमधून हात सहज फिरेल इतकं अंतर ठेवायचं. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावले. एखाद्या झाडाचा शेंडा आकसून पानं वाटीसारखी वर वळली, तर ते झाड उपटून टाकायचं. हा पर्णगुच्छाचा विषाणू त्याच माशीमार्फत पसरतो आणि झाड बरं होत नाही. मागच्या हंगामात जिथे टोमॅटो, वांगी, मिरच्या किंवा बटाटे होते, तिथे मी टोमॅटो पुन्हा लावत नाही.

चेरोकी पर्पलचं पहिलं पिकलेलं फळ घरात आणलं तेव्हा आईने ते हातात फिरवून पाहिलं.

“अगं, हा पिकलाय की नासलाय?”

“पिकलाय गं आई. याचा रंगच असा.”

तिचा विश्वास बसला तो कापल्यावर. त्या रंगाचं कारण सुंदर आहे. पिकताना टोमॅटोतलं हरितद्रव्य नाहीसं होतं आणि लायकोपीन हे लाल रंगद्रव्य उरतं. या वाणात हरितद्रव्य पूर्ण जात नाही, त्यावर लाल चढतो आणि दोन्ही मिळून तो जांभळट तपकिरी रंग दिसतो. ब्रँडीवाइनचा गुलाबीपणाही असाच गमतीचा. गर लालच असतो, पण वरची साल बिनरंगी असते. नेहमीच्या लाल टोमॅटोची साल सोलून उजेडात धरली तर ती पिवळी दिसते. त्या पिवळ्यातून लाल गर पाहिला की शेंदरी दिसतो, आणि बिनरंगी सालीतून पाहिला की गुलाबी.

चवीचं गूढही काही अंशी रंगातच आहे. जुन्या वाणांच्या कच्च्या फळाचे खांदे गडद हिरवे असतात. ते पिकतानाही पुष्कळदा हिरवट-पिवळे राहतात. विक्रीसाठी फळ सगळीकडून एकसारखं पिकलेलं दिसावं म्हणून पैदासकारांनी हे हिरवे खांदे नाहीसे करणारा एक बदललेला जनुक गेल्या शतकात जवळजवळ सगळीकडे पसरवला. २०१२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचा उलगडा छापून आला. मूळ, न बदललेला जनुक शाबूत असेल तर कच्च्या फळात हरितकणांची वाढ चांगली होते आणि पिकलेल्या फळात साखर जास्त उतरते. एकसारखं दिसण्याच्या हौसेत थोडी गोडी हरवली. मला हे वाचून वाईट वाटलं, आणि वाफ्यातले ते हिरवे खांदे मी तेव्हापासून आदराने बघते.

फळ झाडावर पूर्ण लाल होईपर्यंत थांबायला लागत नाही. बुडाशी रंग फुटला की ते पुढे तोडल्यावरही नीट पिकतं. कडक उन्हाळ्यात तर तेच बरं, कारण ३० अंशांच्या वर लायकोपीन तयार होणं मंदावतं आणि फळ शेंदरी-पिवळट राहतं. घरात सावलीत, देठाची बाजू खाली करून ठेवायचं. फ्रिजमध्ये ठेवू नये. थंडीत टोमॅटोचा सुवास तयार करणारी यंत्रणा मंदावते आणि फळ बाहेर काढल्यावरही तो पूर्ण परत येत नाही.

आणि आता बी. फळ चांगलं निघालं म्हणून त्याचं बी ठेवायचं, असं मी करत नाही. आधी झाड निवडायचं. करपा सुरू झाल्यावरही कोणत्या झाडाची पानं टिकली, उष्णतेत कुणी फळ धरलं, कुणाची फळं कमी तडकली, हे हंगामभर वहीत टिपलेलं असतं. विषाणूचा संशय असलेल्या झाडाचं बी कितीही मोह झाला तरी नाही. दोरा बांधलेली फळं झाडावरच अगदी मऊ होईपर्यंत ठेवायची, मग आडवी कापून बिया रसासकट काचेच्या पेल्यात काढायच्या. प्रत्येक बीभोवती एक बुळबुळीत आवरण असतं, त्यात उगवण रोखणारी द्रव्यं असतात. पिकलेल्या फळाच्या आतच बी रुजू नये म्हणून ही निसर्गाची व्यवस्था. पेला झाकून दोन-तीन दिवस आंबू द्यायचा. वर पांढरट साय धरते, वास उग्र येतो, आवरण विरघळतं आणि बियांवरून पसरणाऱ्या काही जिवाणूंनाही आळा बसतो. त्याहून जास्त दिवस ठेवलं तर बी पेल्यातच मोड काढायला लागतं. पाणी ओतून ढवळलं की भरलेलं बी तळाशी बसतं, पोकळ बी आणि गर वर तरंगतो. तरंगणारं ओतून द्यायचं, उरलेलं गाळणीत धुवायचं आणि काचेच्या किंवा चिनी मातीच्या बशीत सावलीत पसरायचं. कागदावर नाही, तिथे ते चिकटून बसतं. रोज बोटाने मोकळं करायचं.

खडखडीत वाळलेलं बी कागदी पाकिटात घालून पाकिटावर वाणाचं नाव, वर्ष आणि झाडाची खूण लिहायची. ‘ब्रँडीवाइन, भिंतीकडचं दुसरं झाड, उन्हातही फळ धरलं’ असं. पाकिटं हवाबंद बरणीत, थंड आणि अंधाऱ्या जागी. असं ठेवलेलं टोमॅटोचं बी चार ते सहा वर्षं सहज उगवतं. हंगामाआधी थोडं बी ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवते. किती मोड येतात त्यावर पेरणी दाट करायची की विरळ ते ठरतं. आणि एक पाकीट कायम दुसऱ्या कुणाच्या तरी घरी असलं पाहिजे. माझी बरणी बुरसली किंवा हंगाम वाया गेला तर वाण तिथून परत मिळतं. चेरोकी पर्पलचं बी कुणी टपालात टाकलं नसतं तर ते माझ्या वाफ्यात आलं नसतं.

भिंतीकडच्या त्या ब्रँडीवाइनचं बी मी वेगळं ठेवलंय. टोमॅटो स्वतःच्याच परागावर फळतो, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या राखलेल्या वाणात झाडाझाडांत फरक फारसा नसतो. ते झाड मुळात दणकट होतं की भिंतीच्या सावलीने त्याला दुपारी वाचवलं, हे मला अजून सांगता येत नाही. येत्या हंगामात त्याचं बी आणि मूळ पाकिटातलं बी एकाच वाफ्यात, एकाआड एक लावणार आहे. भिंतीपासून दूर, उघड्यावर.